नमुन्याची डबी

मी आईला पन्नासपैकी एकतीस गुण दिले. हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगायचं ठरवलं तर मी ते लांबवत राहीन आणि मग राहूनच जाईल.

मी श्रीरामपूरच्या एका कॉलेजात अन्नतंत्रज्ञान शिकते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे अन्नतंत्रज्ञान म्हणजे काय, हे घरी समजावून सांगायचं कामही माझ्याकडेच आलं. मी वडिलांना म्हणाले, अन्न खराब कसं होतं आणि ते होऊ नये म्हणून काय करायचं, हे तिथं शिकवतात. वडील म्हणाले, "येळंवर खाल्लं तर कशाला खराब व्हतंय?" मग त्यांनी विचारलं, हे शिकायला किती वर्षं लागतात. मी सांगितलं.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला जागतिक अन्नसुरक्षा नावाचा विषय होता. पुस्तकात जगाचा एक नकाशा होता. कुठल्या देशात किती लोकांना पुरेसं खायला मिळत नाही, त्याप्रमाणे देशांना रंग दिलेले होते. सुट्टीत मी तो आईला दाखवला. तिनं आपलं गाव कुठं आहे ते विचारलं. मी म्हणाले, गाव दिसत नाही, सगळा देश एकाच रंगात आहे.

"समद्यांला एकच रंग?"

"सरासरी काढलेली असते."

"म्हंजी सरपंचाला बी आपलाच रंग?"

"हो."

"त्येला दाखिवलास का?"

मी पुस्तक मिटलं.

या विषयाला एक प्रकल्प होता. आपल्या परिसरातल्या एका स्वयंपाकघराची पाहणी करायची. मॅडमनी पन्नास मुद्द्यांचा फॉर्म दिला होता. प्रत्येक मुद्द्याला एक गुण, अर्धा गुण नाही. पाहणी झाली की अहवाल लिहायचा, एक प्रत कॉलेजात द्यायची आणि एक जिथं पाहणी केली तिथं. मॅडम म्हणाल्या होत्या, "जे दिसेल ते लिहा. वाटेल ते लिहू नका." मला ते वाक्य फार आवडलं. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आणि खाली रेघ मारली.

वर्गातल्या बाकीच्यांनी हॉटेलं घेतली, एकीनं बेकरी घेतली. मला अनोळखी हॉटेलात जाऊन मालकाला नखं दाखवा म्हणायचं धाडस होईना. मी आमच्या गावच्या शाळेचं स्वयंपाकघर निवडलं. तिथं दुपारचा पोषण आहार शिजतो आणि तो माझी आई शिजवते. मला वाटलं, हे सोपं जाईल.

आमचं गाव पाथर्डीच्या पलीकडे, कोरड्या भागात आहे. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. माझे आईवडीलही जायचे आणि मीही त्यांच्याबरोबर असायचे. चौथीपर्यंत मी तीन शाळांत बसले आणि तिन्हीकडे मराठीच्या पुस्तकातले पहिले चारच धडे शिकले. ते मला अजून पाठ आहेत. मी पाचवीत गेले त्या वर्षी आईला शाळेतलं स्वयंपाकाचं काम मिळालं. ती तोडीला जायची थांबली आणि मी एका शाळेत वर्षभर बसू लागले. वडील त्यांच्या भावाबरोबर जात राहिले. मी कॉलेजात आहे याचं कारण लोक हुशारी सांगतात. खरं कारण खिचडी आहे.

हे काम कायमचं नसतं. दर जूनला शाळेच्या समितीची सभा होते आणि यंदा आहार कोण शिजवणार याचा ठराव होतो. जून जवळ आला की आई अध्यक्षांच्या घरावरून जाताना पदर नीट करते. इतकी वर्षं ठराव तिच्याच नावानं झाला, तरी ती ते करते.

जानेवारीत मी श्रीरामपूरहून नेवासा, शेवगाव करत घरी आले. सोमवारी सकाळी पुठ्ठ्याला फॉर्म लावून आईच्या मागं शाळेत गेले. मुख्याध्यापक गुरुजी ऑफिसात होते. शिष्यवृत्तीचे माझे सगळे फॉर्म याच गुरुजींनी भरले होते, एकदा तर फोटो चिकटवायला डिंकही त्यांनी घरून आणला होता. त्यांनी परवानगीचं पत्र लगेच दिलं.

"अगदी काटेकोर कर हो, बाळ," ते म्हणाले. "संकोच करू नकोस."

मी आईसमोर उभी राहून पहिला मुद्दा वाचला. डोक्यावर टोपी. आईच्या डोक्यावर टोपी नव्हती. पदर होता, कानामागून घट्ट घेऊन कमरेला खोचलेला. एक केस बाहेर नव्हता. पण फॉर्ममध्ये पदराला जागा नव्हती. मी शून्य लिहिला.

दुसरा मुद्दा हातातल्या दागिन्यांचा होता. काचेच्या बांगड्या फुटून अन्नात जाऊ शकतात.

"बांगड्या काढायला पाहिजेत," मी म्हणाले.

"का? तुझा बाप जिता हाय अजून."

"तसं नाही. नियम आहे."

"नियम करनारीला दादला न्हाई का?"

मग तिनं हात पुढं केले. दोन्ही मनगटांवर तिनं वडिलांच्या जुन्या शर्टाच्या बाह्या कापून चढवल्या होत्या आणि दोन्ही तोंडांना नाड्या ओवल्या होत्या. बांगड्या आत होत्या. तिनं हात उलटा करून जोरात झटकला. आतून नुसता आवाज आला. मी बराच वेळ फॉर्मकडे पाहिलं. मुद्दा दागिने काढण्याचा होता, झाकण्याचा नव्हता. शून्य.

तांदूळ निवडण्याला पूर्ण गुण मिळाला. ती व्हरांड्यात बसून मूठमूठ तांदूळ ताटात पसरते आणि तळहातानं एकदाच फिरवते. खडा तिच्या बोटाला आपोआप सापडतो. पोती विटांवर ठेवलेली होती, मध्ये कडुनिंबाचा पाला होता. फॉर्ममध्ये लाकडी फळी लिहिलं होतं. मी विटांना गुण दिला आणि नंतर दिवसभर मला वाटत राहिलं की आपण घरच्या माणसाला झुकतं माप देतोय.

सांडपाण्यालाही गुण दिला. तांदूळ धुतलेलं पाणी ती मागच्या परसबागेत शेवग्याला घालते. त्या शेवग्याचा पाला परत वरणात येतो. आमच्या पुस्तकात शाश्वत शेतीवर एक प्रकरण आहे आणि त्यात बाणांचं एक वर्तुळ काढलेलं आहे. मी आईला म्हणाले, तू करतेस ते या वर्तुळासारखं आहे. ती म्हणाली, "पानी कुठं टाकू मंग?"

मोजमापाचा मुद्दा मात्र अवघड गेला. हजेरीप्रमाणे वजन करून धान्य काढायचं असतं. काटा होता, पण तो बंद होता आणि आई तो बंद पडायच्या आधीपासून वापरत नव्हती. ती वर्गांच्या बाहेर जाऊन चपला मोजते. तोडीला गेलेली मुलं हजेरीत असतात, चपलांत नसतात. चपला मोजून झाल्या की ती तांदळाच्या घमेल्यात आणखी एक मूठ टाकते.

"ही मूठ कशाची?" मी विचारलं.

"अनवानी येत्यात त्यांची."

मला हे लिहायचं होतं. पण कुठल्या रकान्यात लिहावं ते कळेना. शून्य दिला.

मधल्या सुट्टीत मी ऑफिसात चव नोंदवही बघायला गेले. मुलांना वाढायच्या आधी एका शिक्षकानं आणि एका पालकानं अन्नाची चव घ्यायची आणि वहीत सही करायची, असा नियम आहे. वही टेबलावरच होती. सोमवारच्या रकान्यात गुरुजींची आणि पालक म्हणून समितीच्या अध्यक्षांची सही होती. चव उत्तम. मंगळवारीही चव उत्तम होती. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तसंच. शनिवारी मीठ योग्य होतं.

त्या दिवशी सोमवारच होता.

गुरुजींनी मला वही बघताना पाहिलं. "नंतर वेळ मिळत नाही गं," ते म्हणाले. "नोंद तर ठेवावी लागते."

फॉर्ममध्ये लिहिलं होतं, चव घेतल्याची नोंद ठेवली जाते का. नोंद होती. मी गुण दिला.

मग नमुना. शिजलेल्या अन्नातला थोडा भाग वेगळा काढून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचा असतो. मुलांना काही झालं तर तो तपासायला पाठवता येतो. आई तो ठेवत होती. स्टीलची झाकणाची डबी, वर वाराची चिठ्ठी चिकटवलेली. मला बरं वाटलं. मंगळवारी सकाळी मी मुद्दाम कालची डबी बघायला लवकर गेले. डबी धुऊन पालथी घातलेली होती.

"कालचा नमुना कुठंय?"

"खाल्ला."

"कुणी?"

"मी."

"कधी?"

"तू आंगूळ करीत हुतीस तवा. न्ह्यारी केली."

मी फॉर्म खाली ठेवला. मी तिला विचारलं की असं कधीपासून चाललंय. ती म्हणाली, डबी मिळाली तेव्हापासून. म्हणजे काही वर्षं ती रोज सकाळी कालची खिचडी, कालचं वरण, कालची मटकी खात होती. शनिवारचा नमुना सोमवारपर्यंत टिकत नाही, म्हणून तो ती रविवारीच येऊन खाऊन जायची.

"अगं, तो टाकून द्यायचा असतो."

"आन्न?"

"हो."

"कुठं?"

मी तिला सांगितलं की भातात एक जिवाणू असतो, तो शिजवूनही मरत नाही, आणि भात तसाच राहिला की वाढतो. हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं आणि परीक्षेत त्याचं नाव मी बरोबर लिहिलं होतं.

"दिसतो का?"

"नाही."

"मंग आमाला तोडीला कोपीवर, पाचटाच्या खोपटात कसा कळायचा? तितं तर पहाटं भाकरी थापली की सांजच्यापर्यंत तीच. पोरं तिच्यावरच वाढली. तू बी."

"पण नमुना खराब निघाला तर?"

"तर मला कळंल की," ती म्हणाली. "पोरांच्या आधी न्हाई कळनार, ते खरं. पन कळंल."

मग तिनं तांदूळ पाखडायला घेतले. थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाली, "तुमी दोघं नसता घरी. माझ्या एकटीपायी सकाळी कुठं तवा ठिवू."

हे मी अहवालात घेतलं नाही, कारण ते पाहणीत बसत नव्हतं. जे बसत होतं ते लिहिलं. "नमुना म्हणून ठेवलेला आहार दुसऱ्या दिवशी नष्ट केला जात नाही. स्वयंपाकीण तो स्वतः खाते." वाक्य मी दोनदा वाचलं. ते खरं होतं. दोन्ही प्रती स्वच्छ अक्षरात लिहिल्या, एक गुरुजींना दिली. गुरुजींनी ती फाईलला लावली.

अहवालाला मला पन्नासपैकी चव्वेचाळीस गुण पडले. आईपेक्षा तेरा जास्त. मॅडमनी खाली लिहिलं होतं, निरीक्षण प्रामाणिक. मी फोनवर आईला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चांगलं झालं. माजा उपेग झाला."

जूनमध्ये मी सुट्टीला घरी होते. सोमवारी शाळा सुरू झाली आणि बुधवारी समितीची सभा लागली. त्याच्या आदल्या दिवशी आईला कळलं की अध्यक्षांच्या भावजयीनंही कामासाठी अर्ज दिला आहे. तिची मुलगी यंदा पाचवीत गेली होती. तिलाही तोडीला जायचं थांबायचं होतं.

मला तिचा राग यायला हवा होता. पण तिच्या अर्जात जे लिहिलं असेल ते मला न वाचता पाठ होतं.

"व्हईल ते व्हईल," आई म्हणाली. संध्याकाळी तिनं माळ्यावरचा कोयता काढला, पातं बघितलं आणि परत ठेवला. मी ते बघितलं हे तिला माहीत होतं.

सभा चौथीच्या वर्गात होती. मोठी माणसं मुलांच्या सतरंज्यांवर मांडी घालून बसली होती. अध्यक्ष खुर्चीवर, शेजारी गुरुजी, टेबलावर फाईल आणि वह्या. अध्यक्षांची भावजय दाराशी उभी होती. आई खिडकीखाली बसली, मी तिच्या मागं.

अध्यक्षांनी आईला वहिनी म्हणून हाक मारली. ते नेहमी तशीच मारतात.

"वहिनी, आमचं काईच म्हननं न्हाई. पन फाईलीत एक कागद हाय. गुर्जी, वाचा जरा."

गुरुजींनी चष्मा लावला. मी तेव्हाही अंदाज केला नव्हता. त्यांनी पहिला शब्द उच्चारला आणि माझ्या लक्षात आलं की हा कागद माझा आहे. "नमुना म्हणून ठेवलेला आहार दुसऱ्या दिवशी नष्ट केला जात नाही. स्वयंपाकीण तो स्वतः खाते." गुरुजींचं वाचन चांगलं आहे. विरामचिन्हांसकट ऐकू येतं.

"रोज?" अध्यक्षांनी विचारलं.

"रोज," आई म्हणाली.

"म्हंजी पोरांच्या तोंडचं..."

"पोरांच्या तोंडचं कसं, भाऊ? पोरं आदल्या दिशी जेवून घरी गेल्याली आसत्यात."

कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत.

"आमी म्हनत न्हाई, वहिनी. हितं लिवलंय. तुमच्याच पोरीनं लिवलंय. कॉलेजचा शिक्का हाय." मग ते माझ्याकडे वळले. "ताई, खोटं हाय का ह्ये?"

"नाही," मी म्हणाले.

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. फळ्यावर तारीख आणि वार लिहिलेला होता, तिकडे ती बघत होती. मीही बघितलं. बुधवार.

"मंग इषयच मिटला," अध्यक्ष म्हणाले.

मी उठले. मला सभेत बोलता येत नाही, वर्गातही मी हात वर करून परत खाली घेते. मी म्हणाले, "खोटं नाही. पण ते पूर्ण नाही. मला चव नोंदवही हवी आहे."

ती टेबलावर फाईलखालीच होती. गुरुजी नाही म्हणू शकले असते, वही कपाटात आहे म्हणू शकले असते. त्यांनी फाईल बाजूला केली, वही काढली, या आठवड्याचं पान स्वतः उघडलं आणि मला दिली. देताना ते हळू म्हणाले, "वाच. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. "सोमवार, चव उत्तम. मंगळवार, चव उत्तम. बुधवार, चव उत्तम." आजची खिचडी अजून चुलीवरून उतरली नव्हती, वास वर्गात येत होता. "गुरुवार, चव उत्तम. शुक्रवार, चव उत्तम. शनिवार, मीठ योग्य." सह्या कुणाच्या आहेत हेही मी वाचलं. गुरुजींचं पद वाचलं, मग अध्यक्षांचं.

समितीत एक म्हातारी पालक आहे, नातवासाठी येते, तिला कमी ऐकू येतं म्हणून ती मोठ्यानं बोलते. ती आईला म्हणाली, "शनवारी काय हाय गं जेवाया?"

"मटकी," आई म्हणाली. "आजून भिजाया घातली न्हाई."

या वेळी बरेच जण हसले. अध्यक्षांनी पेन टेबलावर आपटलं. तेवढं झाल्यावर ते म्हणाले की सही काय, सही विश्वासावर असते, वहिनींच्या हातावर विश्वास आहे म्हणूनच तर आधी केली. म्हातारीनं ते दोनदा विचारून घेतलं आणि म्हणाली, "इस्वास हाय तर मंग तिला काडता कशापायी?"

मी एक वाक्य आणखी बोलले. मी म्हणाले की या शाळेत चव घेणारी एकच व्यक्ती होती आणि ती दुसऱ्या दिवशी घेत होती. ते नीट ऐकू गेलं की नाही मला माहीत नाही.

ठराव तीन झाले. यंदाही आहार आईच शिजवील. चव रोज, वाढण्याआधी, प्रत्यक्ष घेतली जाईल. अध्यक्षांना वेळ नसल्यानं पालक म्हणून त्यांच्या भावजयीनं घ्यावी. आणि नमुना चोवीस तासांनंतर गुरुजींसमोर नष्ट करून तशी नोंद ठेवावी, कोणीही तो खाऊ नये. तिसरा ठराव माझ्या अहवालावरून झाला. गुरुजींनी तो लिहिताना माझ्याकडून शब्द विचारून घेतले.

भावजय दारातून निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर चव घ्यायला आली. पहिला घास घेऊन तिनं मीठ कमी आहे म्हटलं. आईनं स्वतः चाखलं आणि मीठ घातलं. कमी होतं.

सभेहून घरी जाताना आई पुढं चालत होती. विहिरीपाशी आल्यावर तिनं विचारलं, "त्या सह्या तुला जानेवारीत बी दिसल्या व्हत्या?"

"हो."

"मंग तवा का न्हाई लिवलं?"

"गुरुजींनी..." मी म्हणाले. डिंक आठवत होता.

"आनि माझं लिवलंस."

"हो."

"मी हक्काची, व्हय?"

ती रागावली नव्हती. चालताना माणूस रस्ता विचारतो तसं तिनं विचारलं. मी व्हय म्हणाले. मग आम्ही घरी गेलो आणि तिनं चहा टाकला.

नंतर मी मॅडमना भेटून सांगितलं की माझ्या अहवालात एक गोष्ट दिसूनही राहिली होती. चव नोंदवहीचा गुण मला काढून घ्यायचा होता. म्हणजे स्वयंपाकघराचे एकूण गुण तीस झाले असते. मॅडम म्हणाल्या, निकाल लागून गेलाय, आता बदलता येणार नाही. गावच्या शाळेतल्या प्रतीवर मात्र मी जाऊन दुरुस्ती केली. चपलांचं आणि मुठीचं खाली वेगळं लिहिलं, रकाना नसताना. गुरुजींनी शेजारी सही केली. त्या दिवसाचीच तारीख टाकली.

दिवाळीनंतर अध्यक्षांची भावजय तोडीला गेली. तिची मुलगी आजीपाशी राहिली आहे. आई सांगते, चपलांत तिच्या चपला असतात. चव घ्यायला आता ती कमी ऐकू येणारी म्हातारी येते. ती चव घेत नाही, वाटीभर घेते. त्यावर ठराव नाही.

नमुन्याची डबी रोज सकाळी गुरुजींसमोर उघडतात आणि शेवग्याच्या बुडाशी आळ्यात ओततात. वहीत नष्ट केला असं लिहितात, दोघं सह्या करतात. नियम बरोबर आहे. मला विचारलं तर मी आजही तोच सांगेन. पुस्तकात एक ओळ आहे की अन्न सुरक्षित असणं आणि अन्न मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परीक्षेत त्यांतला फरक विचारतात. मी तो उदाहरणासह लिहिते. घरचं उदाहरण देत नाही.

मी होस्टेलवरून रोज सकाळी आठच्या आत आईला फोन करते.

"न्याहारी केलीस?"

"केली."

"काय केलंस?"

"हाय की कायबाय."

"तवा ठेवलास का?"

"आगं शाळंला उशीर व्हतोय," ती म्हणते. "शेवगा मातर लई फुटलाय ह्या साली." आणि फोन ठेवते.

मॅडमचा नियम आहे, जे दिसेल ते लिहा. श्रीरामपूरहून आमची चूल दिसत नाही. त्यामुळे हा रकाना मी रिकामा ठेवला आहे.